शेड-कार्डावरची वाइन

एकोणीस लॉट वाइन बनवणाऱ्या या माणसाने वाइनचा एक थेंबही कधी जिभेवर ठेवला नव्हता. हे आधी सांगितलेलं बरं, कारण बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

ते पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये रंगमास्तर होते. व्यापाऱ्याने पाठवलेल्या चिंधीसारखा रंग कापडावर आणायचा आणि तो जुळला की नाही ते ठरवायचं, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. उधन्यात त्यांचं दुमजली घर होतं. वरच्या खोलीत मी तीन वर्षं भाडेकरू होतो आणि जेवायला खाली त्यांच्याकडेच. एका मराठी दैनिकाच्या सुरत कार्यालयात मी उपसंपादक होतो. दारूबंदीच्या राज्यात उपसंपादकाच्या टेबलावर एक बातमी रोज येते: अमुक ठिकाणी इतक्या बाटल्या पकडल्या. मी ती बातमी कापून चार ओळींची करायचो आणि घरी येऊन मास्तरांच्या बाटल्यांच्या डोक्यावर झोपायचो.

कायद्याची त्यांना भीती नव्हती. त्यांचा युक्तिवाद ठरलेला होता.

“दारूबंदी पिणाऱ्याला आहे. मी पितो का?”

“बनवणाऱ्यालाही आहे, मास्तर.”

“मी बनवत कुठे? मी शेड काढतो.”

शेड म्हणजे रंगाची छटा. या एका शब्दावर त्यांचं जग उभं होतं. “जीभ खोटं बोलते, शेड खोटं बोलत नाही,” हे वाक्य त्यांच्याकडून मी किती वेळा ऐकलं याची मोजदाद ठेवली नाही. पहिल्या वेळी ते खोल वाटलं होतं, एवढं आठवतं.

सुरतेच्या कापडबाजारात ‘वाइन’ हा एक रंग आहे. राणी, रामा, गाजरी, मेहंदी, तसा वाइन. मरूनपेक्षा थोडा जांभळा, राणीपेक्षा पुष्कळ गडद. लग्नसराईत त्या रंगाच्या जॉर्जेट साड्यांची गाठोडी निघतात. तो रंग मागणाऱ्या आणि नेसणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींनी ते पेय पाहिलेलंही नसतं. मास्तरांनीही पाहिलं नव्हतं. कामाच्या विसाव्या की एकविसाव्या वर्षी शेठने स्टाफला सहलीला नाशिककडे नेलं आणि एका द्राक्षमळ्यात सगळ्यांच्या हातात एकेक पेला आला. इतरांनी तो संपवला. मास्तर पेला घेऊन खिडकीशी गेले, शर्टाच्या खिशातून रंगांच्या चिंध्या डकवलेलं शेड-कार्ड काढलं, वाइनच्या चौकोनी चिंधीशेजारी पेला धरला आणि तिथे ओतणाऱ्या मुलीला म्हणाले, “ऑफ शेड आहे.”

“म्हणजे, सर?”

“वाइन कलर असा नसतो.”

ती मुलगी हसली असणार. मास्तर हसले नाहीत. पेला तसाच ठेवून ते बसमध्ये येऊन बसले. नाशिकवाल्यांना वाइनचा रंग येत नाही, तेव्हा तो आपणच आणून दाखवायचा, असं त्या प्रवासात ठरलं. हा प्रसंग ते स्वतः अभिमानाने सांगत. त्यात हसण्यासारखं काही आहे हे त्यांना कधी जाणवलं नाही, आणि ऐकणारे बहुतेक त्यांच्या हाताखालचे असल्यामुळे कुणी जाणवून दिलंही नाही.

घरात सगळं शेडवर चाले. चहा आला की ते आधी बशीत बघत. “आज डल आहे. दूध जास्त पडलं.” मग पीत. भाजीवाल्याला त्यांनी एकदा दोन किलो टोमॅटो परत केले, कारण एका टोपलीतले दोन लॉटचे निघाले. मला ताप आला तेव्हा वर येऊन त्यांनी ट्यूबलाइट लावली, माझा चेहरा हनुवटीला धरून फिरवला आणि म्हणाले, “पिवळा वाढलाय. कावीळ बघून घ्या.” कावीळ नव्हती. ट्यूबलाइट जुनी होती. एवढी नजर असलेल्या माणसाचे स्वतःचे केस मात्र दर पंधरा दिवसांनी वेगळ्या रंगाचे असत. एकदा तपकिरी, एकदा निळसर काळे, एकदा कानाजवळ चक्क मेहंदी. ते त्यांची बायको, म्हणजे वहिनी, घरीच लावून देत. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, असा घरचा संकेत होता.

बाटल्या ठेवण्याची खोली स्वयंपाकघराला लागून होती. तिथे भिंतीशी पाण्याचे वीस लिटरचे जार ओळीने उभे असत, प्रत्येकाच्या बुचातून सलाइनची नळी निघून पाण्याच्या बाटलीत बुडालेली. आतला वायू नळीतून बुडबुडत बाहेर पडे आणि बाहेरची हवा आत जात नसे. हे ते मोबाइलवर बघून शिकले होते आणि नीट शिकले होते. जार धुण्यात, तापमान लिहिण्यात, गाळण्यात त्यांच्याकडून चूक होत नसे. कोपऱ्यात आतून राखाडी रंगवलेली लाकडी पेटी होती. कारखान्यात रंग जुळवायला असते तशी, आत दोन दिवे. पेटीत मागे वाइन रंगाची चिंधी टाचणीने लावलेली. दर आठवड्याला प्रत्येक जारचं बूच काढून पेलाभर रस काढायचा आणि त्या चिंधीपुढे धरायचा. बुडबुडे राखण्यासाठी इतकी काळजी घेणारा माणूस रंग बघण्यासाठी दर आठवड्याला बूच उघडत होता. यात काही चुकतं आहे, हे त्यांना चार वर्षांत सुचलं नाही. तेव्हा मलाही सुचलं नव्हतं, पण मी रंगमास्तर नव्हतो.

पहिले लॉट नुसत्या मधाचे होते. डांगातून येणारा मध पाण्यात कालवून आंबवला की होणारं पेय, जगात बरेच लोक ते आवडीने पितात म्हणे. मास्तरांना त्याचा राग होता. “हे क्रीम आहे. फार तर लेमन,” ते म्हणत. सहा लॉट त्यांनी मोरीत ओतले. त्या दिवसांत गल्लीत मुंग्यांची रांग आमच्या मोरीपासून सुरू होई आणि शेजारच्या उत्तर भारतीय कुटुंबाच्या देवघरापर्यंत जाई. सातव्या लॉटपासून त्यांनी मधात जांभूळ घातलं. कामरेजच्या एका शेतातून पाट्या येत. तीन दिवस सगळं घर, वहिनींचे हात आणि मोरीचा दगड जांभळा होई. जांभळं चिरडायची, बिया काढायच्या, फडकं पिळायचं ही कामं वहिनींची. मास्तर पांढरा कोट घालून शेजारी उभे राहत आणि तापमान वाचत.

बाटल्यांची अडचण होती. सुरतेत वाइनच्या रिकाम्या बाटल्या भंगारात मिळत नाहीत, निदान मास्तरांना मिळाल्या नाहीत. म्हणून ते नवापूरला जात. महाराष्ट्राची हद्द लागली की जे दारूचं दुकान लागतं, तिथे सुरतेचे लोक भरलेल्या बाटल्या घेतात. मास्तर दुकानाच्या मागे जाऊन रिकाम्या घेत. एकदा परतताना नाक्यावर त्यांचं पोतं उघडलं गेलं. हवालदाराने एकेक बाटली काढून उलटी केली.

“खाली बाटली? तो भरेली क्यां गई?”

“भरलेल्या नव्हत्याच, साहेब. मी घरी भरणार.”

हे ते खरोखर बोलले. बाजूच्या प्रवाशाने, हा माणूस काकांच्या श्राद्धाहून येतोय, डोक्यावर परिणाम आहे, असं सांगून सोडवलं. मास्तरांना त्या प्रवाशाचा राग आला होता. आपला अपमान झाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला त्यांनी दोनदा लेख लिहायला सांगितलं. “नाव देऊ नका,” ते म्हणाले, “पण फोटो द्या.”

इथपर्यंत हा माणूस निरुपद्रवी आहे. सुरतेत असे छंद असणारे पुष्कळ असतील. त्या वर्षी आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मात्र त्या घरात वहिनींचा धाकटा भाऊ राहायला आला आणि मास्तरांचा छंद कुणाच्या तरी जिवाशी आला.

भिका शिरपूरकडचा. वय चाळिशीच्या जवळ, हाताने चांगला, लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, तुटलेला धागा बोट न थांबवता सांधणारा. आठ-दहा वर्षं तो प्यायला. किती, ते त्याच्या गावातले सांगतील. त्या आखाजीला त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली ती परतली नाही. निरोप आला: एक वर्ष, पुढच्या आखाजीपर्यंत, थेंब तोंडाला लागला नाही तर येईन. गावी नाही, जिथे तो असेल तिथे. थेंब लागला तर मात्र नाही. घरच्यांनी विचार केला की गुजरातमध्ये दारू मिळत नाही, बहिणीचं घर आहे, तिथे पाठवा. मिळत नाही, हा समज किती खरा आहे ते चार ओळींच्या बातम्या लिहिणारा कुणीही सांगेल. आणि घरात झोपायला एकच जागा रिकामी होती: जारांची खोली.

पहिल्या आठवड्यात मी त्याला विचारलं, “झोप लागते का, भिकाभाऊ?”

“लागस,” तो म्हणाला. “ते बोलतं ना पण. बुडबुड, बुडबुड. कोणी बोलावतंय असं वाटस.”

उधन्यातल्या एका लूमच्या कारखान्यात तो बारा तासांच्या पाळीवर लागला. सुटीचा दिवस रविवार. मास्तरांचा रस बघण्याचा दिवसही रविवार, सकाळी अकरा. चौथ्या की पाचव्या रविवारी मास्तरांना साक्षात्कार झाला. शेड त्यांना कळत होती, पण मोबाइलवरचे लोक चवही लिहितात. चवीशिवाय वही अपुरी. स्वतः चाखायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. मला विचारलं तेव्हा मी पित्ताचं कारण सांगितलं. राहिला भिका.

“या घरात दारूची माहिती असलेली जीभ एकच आहे,” मास्तर म्हणाले. हे त्यांनी जेवताना, सगळ्यांसमोर, कौतुक केल्यासारखं सांगितलं.

वहिनींनी भाकरी तव्यावर तशीच सोडली. “अहो, कसाले? वरीसभर राहू द्या ना त्याले.”

“प्यायचं नाहीये. घोट घ्यायचा, फिरवायचा, थुंकायचा. जगात असंच करतात.”

“जगमा त्यास्नी बायको माहेर जायेल नही ऱ्हास.”

मास्तर जेवत राहिले. पांढऱ्या कोटाला उत्तर द्यावं लागत नाही. भिका ताटाकडे बघत होता. मग म्हणाला, “राहू दे अक्का. दाजी म्हणतात तर थुंकीन.”

तो दुसरं काय म्हणणार होता? छप्पर दाजींचं होतं.

मग दर रविवारी अकराला हा विधी होऊ लागला. मास्तर पेटीपुढे उभे राहून शेड सांगत आणि वहीत लिहीत. मग पेला भिकाला देत. भिका पेला घेऊन मोरीकडे जाई, पाठ फिरवून उभा राही. गुळण्यांचा मोठा आवाज येई, मग थुंकण्याचा. तोंड पुसत तो परत येई आणि चव सांगे. मास्तर ती जशीच्या तशी लिहीत. वहिनी तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत. भांडी मात्र जोरात वाजत.

एका रविवारी भिका म्हणाला, “धुरकट लागस दाजी. आणि शेवटी लसणीसारखं.”

मास्तरांचे डोळे चमकले. त्यांनी मोबाइलवर ऐकलं होतं की उंची वाइनला धुराचा वास असतो. “धूर!” ते मला जिन्यात गाठून म्हणाले. “जांभळातून धूर काढला मी. नाशिकवाल्यांना जमेल?”

हिवाळ्यात त्यांना नाशिकजवळच्या एका मळ्यावर घरगुती वाइन बनवणाऱ्यांचा मेळावा भरणार असल्याचं कळलं. बाटलीसोबत नोंदवही द्यायची होती. त्यांनी ती भाषा तपासायला माझ्याकडे दिली. उपसंपादक वाचतो तेव्हा मजकुराबरोबर इतर गोष्टीही जुळवतो, ती सवय असते. लॉट चौदा: आधी चिंच, मग गूळ, शेवटी हिंग. त्या रविवारी आम्ही चिंचगुळाची आमटी जेवलो होतो. लॉट पंधरा: ताकाचा आंबटपणा, कढीपत्ता. कढी. लॉट सोळा: धूर, लसूण, किंचित तिखट. तो रविवार मला चांगला आठवत होता, कारण वहिनींनी जळगावची मोठी वांगी गॅसवर भाजून भरीत केलं होतं आणि मी तीन भाकरी खाल्ल्या होत्या. लॉट एकोणीसच्या नोंदी तर तीन महिन्यांचा आमच्या स्वयंपाकघराचा वृत्तांत होत्या. एका रविवारी त्या वाइनला शेवभाजीचा स्वाद होता.

संध्याकाळी गच्चीवर भिका कपडे काढत होता. मी त्याला वही दाखवली.

“हे तू चाखलंस?”

त्याने चिमटे एकेक करून दोरीवरून काढले, खिशात टाकले. “मोरीत ओतस,” तो म्हणाला. “गुळण्या पाणीना करस. घरमा जे शिजी ऱ्हायनं, ते सांगी देस.”

“आणि कधी चाखावंसं वाटत नाही?”

“दर रविवारी वाटस.” मग थोडा थांबून, “पेला नाकाजवळ नेत नही मी. श्वास धरस. मोरीपर्यंत सात पावलं शेतस.”

मला बातमी मिळाली होती. ती मी कुणाला दिली नाही. वहीतलं शुद्धलेखन तपासलं, ‘चिंच’च्या पुढे ‘सदृश’ असा शब्द घातला आणि परत केली. माझा सहभाग एवढाच, पण तो होता.

मेळाव्याच्या दोन आठवडे आधी लॉट एकोणीस चिंधीशी जुळला. मास्तरांनी सगळ्यांना पेटीपुढे उभं केलं. मी बघितलं. खरंच जुळला होता. चिंधी कुठे संपते आणि पेला कुठे सुरू होतो ते डोळा लावल्याशिवाय कळत नव्हतं. चार वर्षं एका रंगाच्या मागे लागून त्यांनी तो आणला, हे नाकारता येणार नाही. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा वहिनींना स्वतःच्या हाताने चहा करून दिला. त्याचा रंग चुकला होता.

नाशिकला ते मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. पिशवीत सहा भरलेल्या बाटल्या होत्या. त्या हद्दीवरून दारू गुजरातेतून महाराष्ट्रात नेणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. बहुधा म्हणूनच कुणी अडवलं नाही.

मेळाव्यात तीस-चाळीस माणसं होती. डाळिंबाची, अननसाची, करवंदाची बाटली घेऊन आलेली, एकमेकांचं चाखून हसणारी. परीक्षक म्हणून मळ्याची मालकीण होती, पस्तिशीची, मातीचे बूट घातलेली. तिने मास्तरांची बाटली उजेडात धरली. “वा,” ती म्हणाली, “रंग सुरेख आहे.” मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग तिने घोट घेतला आणि लगेच शेजारच्या बादलीत थुंकला. पाणी प्यायली. वही उघडली. बराच वेळ वाचत राहिली.

“काका, हे लसूण कोणाला लागलं?”

“माझा टेस्टर आहे. अनुभवी.”

“आणि तुम्हाला काय लागलं?”

“मी घेत नाही.”

तिने वही मिटली. आजूबाजूचे दोघे-तिघे आता ऐकत होते. ती हसली नाही, हे तिचं सौजन्य. “हा सिरका झालाय, काका. पक्का. बूच फार वेळा उघडलंत का? जांभळाचा रस आंबत गेला की लाल होत जातो. तुम्ही रंग येईपर्यंत थांबलात, म्हणजे पूर्ण आंबेपर्यंत थांबलात. हे जिभेवर ठेवलं असतंत तर पहिल्या महिन्यातच कळलं असतं.”

“पण रंग—”

“रंग सुरेख आहे,” ती पुन्हा म्हणाली आणि करवंदाच्या बाटलीकडे वळली.

परतीच्या बसमध्ये साक्रीपर्यंत ते “रंग सुरेख म्हणाली” एवढंच म्हणत होते. नवापूर आलं तेव्हा त्यांनी वही उघडली. हद्द ओलांडल्यावर मिटली. “जीभ खोटं बोलली,” ते म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं. कामगाराची चूक सापडलेल्या माणसाचा आवाज होता तो.

पुढचा रविवार. आखाजी नऊ दिवसांवर होती. भिकाच्या बायकोचा फोन येऊन गेला होता, मुलीच्या शाळेचा दाखला काढला म्हणून. वहिनींनी जारांच्या खोलीसाठी पडद्याचं कापड आणून ठेवलं होतं. अकरा वाजता मास्तरांनी भिकाला स्वयंपाकघरात बोलावलं. मोरीच्या दारात स्वतः उभे राहिले. पांढरा कोट घातला होता. ओट्यावर लॉट एकोणीसचा पेला.

“आज थुंकायचं नाही,” ते म्हणाले. “माझ्यासमोर गिळायचं. आणि खरी चव सांगायची.”

“दाजी, नऊ दिवस राह्यनात.”

“चार वर्षांची वही तू खोटी केलीस. एक ओळ खरी लिहायला काय जातं? एका घोटाने कोणी मरत नाही.”

“मरत नही दाजी. मी कुठं म्हणतो मरस.”

“मग? ती खोली कोणाची आहे? तुझं बिऱ्हाड कुठे उतरणार आहे?”

मी दारात होतो. मध्ये पडलो नाही, ही नोंद इथेच करून ठेवतो. भिकाने पेला उचलला. श्वास धरला नव्हता, ते दिसत होतं. नाकपुड्या हलल्या. आंबट वास सगळ्या स्वयंपाकघरात होता, पण त्याखाली दुसराही काहीतरी वास असावा, जो मला येत नव्हता आणि त्याला येत होता. मोरीपर्यंतची सात पावलं बंद होती. त्याचा हात वर येऊ लागला, सावकाश, आणि तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला. लूमवर धागा सांधताना असतो तसा हात होता.

वहिनी लसूण सोलत बसल्या होत्या. त्या उठल्या, सालं झटकली, भावाच्या हातातून पेला घेतला आणि एका दमात संपवला. त्या माळ घालणाऱ्या घरातल्या. आयुष्यात पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं, खोकला आला, ओट्याला धरून त्या तो थांबेपर्यंत उभ्या राहिल्या.

“खाटं शे,” त्या म्हणाल्या. “नुसतं खाटं. लिखा तुमनी वहीमा.”

वहिनींनी बाटली उचलली, तोच पेला पुन्हा भरला आणि नवऱ्यापुढे धरला.

“आते तुम्ही.”

“मी घेत नाही, तुला माहीत—”

“मी तरी कधी घेस? घ्या. मन्हा भाऊनी चाखानं ते तुम्ही चाखा.”

पेला तसाच होता, हात तसाच. शेवटी मास्तरांनी तो घेतला. एक क्षण मला वाटलं, आज हा माणूस पिणार. ते वळले, शेजारच्या खोलीत गेले आणि राखाडी पेटीतले दोन्ही दिवे लावले. पेला चिंधीपुढे धरला. मान डावीकडे, मान उजवीकडे.

“शेड तर मॅच आहे,” ते म्हणाले.

तेवढ्यात भिका मोरीच्या दारातून आत गेला होता. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो नुसतं तोंड धूत होता.

आखाजी झाली आणि भिकाची बायको मुलीला घेऊन आली. जार आधीच गच्चीवर गेले होते. ते वहिनींनी आणि भिकाने वर नेले, मास्तर जिन्यात उभे राहून तापमान बदलेल म्हणत होते. खोलीला पडदा लागला. लॉट एकोणीसच्या बाटल्या वहिनींनी स्वयंपाकघरातल्या फळीवर, तेलाशेजारी मांडल्या. पहिल्या दिवशी जेवायला मी खाली होतो. पानात खिचडी, पापड आणि काचेच्या वाटीत कांदा: पातळ चकत्या करून त्या सिरक्यात दोन दिवस मुरवलेला. गुलाबी-जांभळा. भिकाच्या मुलीने आधी एक चकती घेतली, मग वाटी स्वतःकडे ओढली. भिकाने घेतला. मीही घेतला. चांगला लागला, हे लिहायला हरकत नाही.

मास्तरांनी वाटीतून एक चकती दोन बोटांत उचलली. खिडकीकडे वळून उजेडात धरली. आम्ही सगळे बघत होतो. भिकाची बायको त्या घरात नवीन होती, तिला वाटलं ते आता खातील.

“रंग एकसारखा बसला नाही,” ते म्हणाले. “कडेला गडद, मध्ये फिका.”

आणि चकती परत वाटीत ठेवली.